समुद्र लेव्हलला नाही

माझे पाय चाळीच्या गॅलरीत राहतात. बाकीचा मी खोलीत राहतो.

हे तक्रार म्हणून सांगत नाहीये, पत्ता म्हणून सांगतोय. आमची खोली परळला, दुसऱ्या मजल्यावर. आतल्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो आहेत. फोटोंकडे पाय करून झोपायचं नाही हा घरचा नियम, आणि तो बरोबरच आहे. म्हणजे माझं डोकं फोटोंकडे. एका अंगाला आजी-आजोबा, दुसऱ्या अंगाला आई, पप्पा, बहीण आणि कपाट. उरली एकच दिशा, आणि त्या दिशेला दरवाजा. मी सहा फूट दोन इंच आहे. ज्याने ही खोली बांधली त्याने गिरणीत कामाला येणारा माणूस एवढा वाढेल असं धरलंच नव्हतं. म्हणून दरवाजा उघडा आणि पाय बाहेर.

एवढंही चाललं असतं. पण मालक सोबत नसताना लोक पायांशी कसं वागतात ते मला माहीत आहे. शेजारच्या कमलमावशी त्यांच्यावर ओली फडकी वाळत घालतात. दूधवाला पिशवी कडीला अडकवत नाही, माझ्या उजव्या अंगठ्याला अडकवतो. एकदा मी झोपेत कूस बदलली तर तोच माझ्यावर डाफरला. "हिलो मत ना भाई, दूध गिरेगा!"

त्यावर कळस म्हणजे माझी नोकरी. मी दादरला गाद्यांच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांना सांगतो, "मॅडम, झोपून बघा, पाठीला फरक पडेल." मॅडम झोपतात. साहेब झोपतात. एक गृहस्थ दर शनिवारी येतात, पायातले बूट काढून दुपारभर घोरतात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जातात. त्यांना कोणी काही म्हणत नाही. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या गादीवर जरा टेकलो, तर दुसऱ्या दिवशी पाटी लागली : 'स्टाफने झोपू नये.' स्टाफ म्हणजे मी एकटा. सरळ नाव लिहायचं ना!

तर अशा माणसाला कोणी फुकट पलंग देऊ केला की तो पलंगाखाली काय आहे ते बघत बसत नाही. माझ्या पलंगाखाली होडी होती.

ती आणली राजरत्नने. राजा तळमजल्यावर राहतो, माझ्याच वयाचा, शिवडीला एका गोदामात ट्रक भरून घेण्याचं काम बघतो. एका संध्याकाळी जिन्यात भेटला.

"हर्ष्या, शिडाची होडी पाहिजे का?"

"मला कशाला?"

"आत झोपायला जागा आहे. लांब."

यापुढे त्याने काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गोदामाच्या मागे, खाडीच्या कडेला, कुठल्याशा साहेबाची होडी लाकडी टेकूंवर उभी होती. साहेब परदेशात गेले ते तिकडचेच झाले. होडी आता नको, कोणी नेत असेल तर नेऊ द्या, असं त्यांनी कळवलं होतं. गोदामवाल्यांना कोपरा मोकळा हवा होता. अट एकच, होळीच्या पौर्णिमेला मोठं उधाण येतं, तेव्हा होडी पाण्यात गेली पाहिजे. नाहीतर तुकडे करून भंगारात.

मी आत उतरलो. आत कबुतरांनी दोन-चार पिढ्या काढलेल्या होत्या. प्लाय फुगून पापडासारखं झालेलं, स्टोव्हला गंज, गाद्यांतून काथ्या बाहेर. पण एका अंगाला, पार पुढच्या टोकापर्यंत, एक लांबच लांब बाकडं होतं. मी त्यावर आडवा झालो. लगेच घरंगळत जाऊन बाजूच्या भिंतीला चिकटलो, पण ते सोडा. मान उचलून पाहिलं तर समोर माझे पाय. बऱ्याच वर्षांनी आम्ही एका खोलीत होतो.

"कसं आहे?" राजाने वरून विचारलं.

"राजा, दार लाव."

त्याने लावलं. ते कशालाही न लागता लागलं. मी हो म्हणून टाकलं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. होडी डावीकडे कललेली होती. त्या बाजूचे टेकू चिखलात खचले होते. तुम्ही लक्षात ठेवा, कारण आमच्यापैकी कोणी ठेवलं नाही.

पुढच्या रविवारी सगळे बघायला आले. सगळे म्हणजे आजोबा, आजी आणि माझी धाकटी बहीण दीपिका. पप्पांची रविवारी ड्युटी असते आणि आईला पाण्याची भीती वाटते, म्हणून ती दोघं या गोष्टीत नाहीत.

माझे आजोबा, बुधाजी, गिरणीत फिटर होते. मागाला ते साचा म्हणतात. नवा साचा आला की तो बसवायचं काम त्यांचं. संप झाला, गिरणी गेली, सगळं गेलं, पण आजोबांनी स्पिरिट लेव्हल परत केली नाही. हातभर पितळी पट्टी, मध्ये काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मध्ये असेल तर जग जागेवर. आमच्या घरी टीव्ही, माठ, कॅलेंडर, सगळं लेव्हलला आहे. आजी भाकरी थापायला बसली की परातीखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून आजोबा बुडबुडा बघतात, मगच ती पीठ घेते. पुतणीच्या लग्नात स्टेज तिरकं होतं म्हणून ते फोटोला वर चढले नाहीत. जेवले मात्र.

ते होडीत उतरले, पिशवीतून लेव्हल काढली, शर्टाला पुसली आणि माझ्या बाकड्यावर ठेवली. बुडबुडा नळीच्या टोकाला पळाला.

आजोबांनी लेव्हल उलटी फिरवून पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "कोणी बांधली ही?"

"इंग्लंडची आहे म्हणे," राजा म्हणाला.

"दिसतंच आहे." त्यांनी लेव्हल फळीवर ठेवली, स्टोव्हच्या कट्ट्यावर ठेवली, जमिनीवर ठेवली. "एक वस्तू लेव्हलला नाही. एक! आणि राज्य केलं दीडशे वर्षं."

"आजोबा," राजा जरा चाचरत म्हणाला, "बाहेरून बघितलं तर होडीच कलल्यासारखी वाटते."

"काम आतलं आहे का बाहेरचं?"

"आतलं."

"मग बाहेरचं मला सांगू नको. गिरणीची जमीन काय सरळ होती? जमीन वाकडीच असते, कायम. जमिनीच्या नादाला लागायचं नाही. पायाखाली पाचर मारायची, बुडबुडा मध्ये आणायचा, साचा चालू करायचा. मी बसवलेल्या साच्यावर पाण्याचा तांब्या ठेव, हलायचा नाही."

मी आधीच एकदा त्या भिंतीला चिकटलो होतो आणि मला सरळ पलंग हवा होता, म्हणून मीही आजोबांची बाजू घेतली.

मग आम्ही इंग्लंडने केलेलं सगळं उपटून टाकलं.

होडीचं आतलं काम कसं करतात याचे व्हिडिओ मी पाहिले होते. त्यात एक सोनेरी दाढीवाला एकटाच, चहा पीत, शांतपणे एक फळी घासत असतो. त्याला आजी नसते. माझी आजी, जाईबाई, खाली वाकून आत बघत म्हणाली, "ओटा कुठाय?"

"होडीत ओटा नसतो आजी."

"मग साहेब लोक जेवत नव्हते?"

पुढच्या रविवारी राजाने आणलेल्या टेम्पोतून कडप्पा आला. पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी स्वयंपाकघर नवीन झालं होतं, त्यांचा जुना.

"होडीत दगड?" मी ओरडलो.

"दगड नाही रे, कडप्पा आहे," आजी म्हणाली. ओटा उजव्या अंगाला बसला. आजोबांनी त्याच्या पायाखाली इतक्या पाचरी मारल्या की एका बाजूला तो गुडघ्याएवढा आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढा झाला. वरून मात्र सपाट. बुडबुडा मध्ये.

त्यानंतर मोरी. आजोबांनी मागच्या कोपऱ्यात खडूने चौकोन आखला, राजाने विटांची कड घातली.

"पाणी कुठे जाणार?" दीपिकाने विचारलं.

"खाली," आजोबा म्हणाले. "भोक पाडायचं."

राजाने ड्रिल सुरूसुद्धा केलं. मी ड्रिल आणि होडी यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. "होडीला भोक? तुम्ही सगळे शुद्धीवर आहात ना?"

"मग काय पाणी आत साठवू?" आजी भडकली. "एवढा समुद्र पडलाय बाहेर. त्याला माझी बादलीभर जड होणार आहे?"

"आजी, आपलं पाणी बाहेर नाही जाणार. त्याचं पाणी आत येईल."

आजीने खाडीकडे पाहिलं. "त्याला कशाला यायचंय आत? त्याला जागा कमी आहे का?"

शेवटी मोरीत बादली ठेवायची असं ठरलं. आजी यावर अजून नाराज आहे.

दीपिकाला आरसा लागला आणि मोबाइल चार्जिंगचे तीन बोर्ड. वीज कुठून येणार असं मी विचारलं तर ती म्हणाली, "आधी बोर्ड तर असू दे, दादा." डोक्याच्या वर पोटमाळा झाला. त्यावर ठेवायला काही नव्हतं, म्हणून आजीने घरातल्या पोटमाळ्यावरची घमेली आणून ठेवली. जिथे घमेली होती ती जागा घरी मोकळी झाली, पण ती माझ्या पायांना देता आली असती हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. फोटो पुढच्या भिंतीवर लागले. म्हणजे पुन्हा डोकं फोटोंकडे, पाय मागे, पायऱ्यांच्या दिशेने. त्याला माझी हरकत नव्हती. पायऱ्यांच्या अलीकडे पलंग संपत होता, एवढंच मला पाहिजे होतं.

आणि सगळ्यांचा डोळा नेमका तिथेच होता.

"तुझ्या पायथ्याला गॅसची टाकी ठेवते," आजी म्हणाली.

"नाही."

"तांदळाचा डबा?"

"नाही."

"छोटा डबा."

"आजी, सहा फूट दोन इंच! यात डबा कुठेच बसत नाही."

"एवढा वाढलास कशाला मग?"

"मी मुद्दाम वाढलो का?"

"तुझा आजा बघ. पाच फुटांत संसार केला."

"आणि दोन बोटं," आजोबा पाचर ठोकता ठोकता म्हणाले.

मी त्या पलंगासाठी जेवढा भांडलो तेवढा आयुष्यात कशासाठी भांडलो नाही. घरी मी गप्प बसतो, कारण तिथे कोणाचंच काही चुकत नाही. खोलीच तेवढी आहे, भांडणार कोणाशी? इथे पहिल्यांदा जागा होती, आणि जागा दिसली की आमची माणसं तिच्यावर डबा ठेवतात. एका रविवारी मी काम बंद करून पलंगाच्या फळीवर बसून राहिलो. उठेन तर लिहून घेऊनच, म्हटलं. कोणी लिहून दिलं नाही. पण आजोबांनी फळीच्या टोकाला खिळा ठोकला आणि आजीला म्हणाले, "या खिळ्याच्या अलीकडे तुझं काही नाही." आजी तीन वेळा खिळ्याकडे बघून हात चोळत गेली. डबा आला नाही.

या सगळ्या काळात रोज एक माणूस यायचा. रामदास. शिवडीच्या कोळीवाड्यातला, आजूबाजूच्या होड्यांवर लक्ष ठेवायचा. तो आधी आत वाकून बघायचा, मग चार पावलं मागे जाऊन होडी बाहेरून बघायचा, मग पुन्हा आत.

"झकास," म्हणायचा. "पान्यात टाकनार?"

"हो."

"हीच?"

"हीच."

"झकास." आणि तोंड फिरवून खांदे हलवत निघून जायचा. मला वाटायचं, त्याला खोकला आहे.

काम संपलं त्या दुपारी मी पलंगावर दुकानातली एक डाग पडलेली गादी टाकली आणि आडवा झालो. घरंगळलो नाही. पाठीला पाठीखालचं सगळं लागत होतं. पाय लांब केले, अंगठे ताणले, आणि अंगठ्यांच्या पुढे अजून वीतभर जागा शिल्लक होती. त्या वीतभर जागेत काहीही नव्हतं. मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होतो, मग झोपलो. इतका झोपलो की दीपिकाने येऊन नाकापुढे बोट धरून बघितलं.

उठल्यावर मी म्हटलं, "हिला इथेच राहू द्या. पाण्यात कशाला टाकायची? उगाच ओली होईल."

पण गोदामवाले ऐकायला तयार नव्हते. उधाण किंवा भंगार.

होळीच्या दिवशी राजाने हायड्रा आणला. म्हणजे ती पिवळी क्रेन असते ना, ती. होडीच्या पोटाखालून पट्टे घातले. आजीने वर बघून हात जोडले. हायड्राने हिसका दिला, टेकू सुटले, आणि हवेत होडी हळूहळू सरळ झाली, जसा वर्गात डुलकी घेणारा पोरगा सर आल्यावर सरळ होतो.

आतून आवाज आला. आधी एका वाटीचा. मग थोडा वेळ काहीच नाही. मग सगळ्याचा.

"माझी भांडी!" आजी किंचाळली.

"खाली ठेवल्यावर बघू," आजोबा म्हणाले. पण त्यांचा हात पिशवीतल्या लेव्हलवर गेलेला मला दिसला.

होडी पाण्यात बसली. बाहेरून एवढी देखणी दिसत होती की बाजूच्या ट्रकवाल्यांनी फोटो काढले. आम्ही आत उतरलो. आत सगळं उजवीकडे उतरत होतं. ओटा, फळ्या, पोटमाळा, मोरी, आरसा, चार्जिंगचे तीन बोर्ड, आणि माझा पलंग. घमेली आरशावर पडली होती. उजव्या अंगाच्या कडप्प्याने होडी आणखी त्याच बाजूला वाकवली होती. सरळ होते फक्त बुद्ध आणि बाबासाहेब. ते खिळ्याला टांगलेले होते.

मी गादी उचलून पलंगावर टाकली आणि आडवा झालो. पलंगाने मला खाली ठेवलं. पुन्हा चढलो. पुन्हा खाली ठेवलं. दुकानात मालकसुद्धा इतक्या पटकन उठवत नाहीत.

आजोबांनी लेव्हल ओट्यावर ठेवली. बुडबुडा टोकाला. त्यांनी काच पुसली. बुडबुडा टोकाला. ते पायऱ्या चढून वर गेले, कडेला उभे राहिले आणि एक डोळा मिटून, लेव्हल हातभर समोर धरून, पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत बघितलं.

"समुद्र लेव्हलला नाही," ते म्हणाले.

"आजोबा, पाणी म्हणजेच लेव्हल," दीपिका म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"शाळेत शिकवलं."

"शाळेत!" आजोबा म्हणाले. "शाळा कोणी बसवली? तिची जमीन बघितलीस?"

तेवढ्यात रामदास त्याच्या छोट्या होडीतून आला. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. तो आमच्याकडे बघूनच हसत होता, आणि मला कळलं की तो खोकला नव्हता.

"रामदासदादा, तुम्हाला माहीत होतं?"

"म्हंजे काय! मी आंधला हाय काय?"

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं शूटिंगला पायजे. हल्ली काय पन दाखवतात. म्हटलं, वाकड्या मान्सांची ष्टोरी असंल."

मग माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, सगळे आत या. सगळे डावीकडे बसा. वजनाने होडी कलली तर कलली. आजोबा, आजी, दीपिका, राजा असे चौघे डाव्या भिंतीला टेकून, माझ्या पलंगाच्या कडेवर, फोटो काढायला बसवल्यासारखे बसले. मी लेव्हल बघितली. बुडबुडा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता.

"अजून टेका," मी म्हटलं.

"दादा, आम्ही तुझ्या पलंगावर बसलो तर तू झोपणार कुठे?" दीपिका म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी लेव्हल येऊ दे."

"म्हणजे तुझ्या झोपेसाठी आम्ही रात्रभर असं भिंतीला चिकटून राहायचं?"

"का? तिकडे रोज रात्री माझे पाय गॅलरीत असतात, तेव्हा कोणाला काही वाटतं? कमलमावशी फडकी घालतात. दूधवाला पिशवी लावतो. परवा कोणीतरी माझ्या तळव्यावर 'भाड्याने देणे आहे' लिहून गेलं! मी एक खिळा मागितला होता. एक खिळा, आणि त्याच्या अलीकडची जागा. ओटा तुमचा, मोरी तुमची, आरसा तुमचा, कडप्पासुद्धा तुमचा. आणि आता पलंग मला टाकून देतोय!"

आजीने पदराने ओट्यावरची धूळ पुसली. ती धूळ लगेच उजवीकडे घसरली.

"आता भांडत बसू नका," रामदास वरून म्हणाला. "उधान हाय तवर हिथून काढाय लागंल, नायतर चिखलात बसंल. वारं बरं हाय. शीड लावतो. वरती या नि ती जाकिटं घाला."

राजाने आणलेली लाइफ जॅकेटं सगळ्यांनी घातली. आजीने आपलं लुगड्यावरून घातलं आणि त्याच्या खिशात पानाची चंची ठेवली. रामदासने जुनं शीड वर चढवलं. त्याला दोन ठिगळं होती, एक आजीच्या जुन्या चादरीचं. होडीचं तोंड दक्षिणेकडे फिरवलं. मुंबई उजव्या हाताला होती आणि वारा मुंबईवरून येत होता. शिडाने पोट फुगवलं आणि होडी डावीकडे कलायला लागली. जरा कलली. आणखी कलली. दीपिकाने राजाचा दंड धरला आणि लगेच सोडला. मी ते बघितलं, पण तो वेगळा विषय आहे.

"उलटनार नाय, घाबरू नका," रामदास म्हणाला.

आजोबा घाबरले नव्हते. ते मान खाली घालून पायऱ्यांवरून आत बघत होते. आत एक वाटी उजव्या कोपऱ्यात पडली होती, ती आपण होऊन जमिनीवरून डावीकडे निघाली. आजोबा उतरले. लेव्हल ओट्यावर ठेवली.

"जाई!" त्यांनी हाक मारली. आजोबा आजीला नावाने हाक मारतात हे मला त्या दिवशी कळलं. "जाई, बघ! बुडबुडा!"

बुडबुडा मध्ये होता. थोडा थरथरत होता, पण मध्ये. ओटा सपाट. फळ्या सपाट. पोटमाळा सपाट. आजोबांनी एका तांब्यात पाणी घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. तांब्या हलला नाही.

"म्हणजे काम बरोबर होतं," आजोबा वर येऊन सगळ्यांना सांगू लागले. रामदासला तर दोनदा. "होडी चुकीची उभी होती. आता बरोबर उभी राहिली. मी सांगत होतो, जमिनीच्या नादाला लागायचं नाही."

मी कोणाला काही न सांगता आत गेलो. गादी सरळ केली, डोकं फोटोंकडे, आणि आडवा झालो. पलंगाने मला धरून ठेवलं. पाय लांब केले. खिळ्याच्या अलीकडे अंगठे, आणि वीतभर रिकामी जागा. लाकडापलीकडे कानाजवळून पाणी जात होतं. वरचं बोलणं दारातून ऐकू येत होतं.

"असंच सरळ गेलं तर कुठे लागेल?" राजाने विचारलं.

"असंच? मांडवा. मंग रेवदंडा, मुरूड. वारं असंल तर जातच ऱ्हायाचं."

"पुढे आमचं गाव," आजोबा म्हणाले. "मंडणगडकडे."

"गावाला कशाला?" आजी म्हणाली. "तिथं तरी पाय पसरायला जागा होती का? पसरले की दुसऱ्याच्या हद्दीत. मग ते बोंब मारत यायचे."

रामदासने शिडाची दोरी आवळली.

"पन परत फिराय लागंल हां," रामदास म्हणाला. "फिरलं की वारं दुसऱ्या अंगाला. मंग होडी उजवीकडं पडनार."

"किती?" आजोबांचा आवाज बदलला.

"आता हिकडं पडलीय, तेवढीच तिकडं."

"मग बुडबुडा?"

"त्यो काय ऱ्हातोय."

"म्हणजे मुंबईकडे तोंड केलं की लेव्हल गेली."

"तसंच काय तरी."

"हे बरोबर नाही," आजोबा म्हणाले. हे त्यांनी नक्की कोणाला सांगितलं ते कळलं नाही. कदाचित समुद्राला, कदाचित मुंबईला. "हे अजिबात बरोबर नाही."

"फिरवू ना? काळोख व्हायच्या आत पोचाय पायजे."

कोणीतरी पायऱ्यांवर आलं. लाइफ जॅकेटचा कुरकुर आवाज झाला आणि पानाचा वास आला, म्हणजे आजी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत उभी असावी.

"थांब जरा," ती हळू आवाजात वर म्हणाली. "पोरगं झोपलंय. उठला की फिरव."

मी झोपलो नव्हतो. पण हे कळल्यावर मी श्वास लांब लांब घ्यायला लागलो. शनिवारी दुकानात येणारे ते गृहस्थ कसे घोरतात ते आठवून थोडा घोरलोसुद्धा.

आजी गेली नाही. खालून काहीतरी उचलल्याचा आवाज झाला, प्लास्टिक चुरचुरलं. मग माझ्या उजव्या अंगठ्यात काहीतरी अडकलं आणि जड होऊन लोंबायला लागलं. हात लावून न बघताही कळलं, वाट्यांची पिशवी होती. पुन्हा सांडू नयेत म्हणून.

खिळ्याच्या अलीकडे! माझ्या जागेत! ठरलेलं असताना!

मला इतका राग आला की सांगता येत नाही. पण डोळे उघडले असते तर होडी वळली असती.